तणसाची माय

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द कानावर पडले की आजही माझं डोकं फिरतं. मागच्या महिन्यात नातवाच्या शाळेतून मोबाईलवर निरोप आला, घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून एक मूर्ती करून आणा. सून संध्याकाळी बाजारात गेली आणि आइस्क्रीमच्या कोऱ्या काड्यांचं पाकीट, चमकी, रंगीत कागद आणि गोंदाची मोठी बाटली घेऊन आली. टाकाऊ वस्तू विकत आणल्या. मी उठून अंगणात गेले. तिला वाटलं, सासूबाईंना खर्च आवडला नाही. तिला काय सांगणार होते? की आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी फळ्यावर हेच शब्द लिहिले, तेव्हा मी सगळं घर धुंडाळलं होतं आणि टाकण्याजोगी एकही वस्तू मला सापडली नव्हती.

आमचं घर तुमसरच्या अलीकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीला लागून. मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे ओसरी, मागे कोठा. कोठा म्हणजे आमच्याकडे गोठाच. त्या घरात फेकण्यासारखं काय असणार? धानाचा कोंडा पत्र्याच्या शेगडीत जायचा. मधोमध बाटली उभी धरून भोवती कोंडा ठासून भरायचा, मग बाटली हळूच काढून घ्यायची, की पाण्याचा गुंड तापेपर्यंत ती शेगडी आपली धुमसत राहायची. तणीस, धानाचा वाळला पेंढा, म्हशीला. पोतं फाटलं की पावसात डोक्यावर घ्यायची खोळ, खोळ फाटली की पायपुसणं, आणि तेही विरलं की त्याची सुतळी उसवून बाबा बाजेला बांधायचे. मायचं लुगडं जुनं झालं की वाकळीत जायचं, वाकळ फाटली की पोतेऱ्यात. भाताची पेज आम्ही मीठ घालून प्यायचो, उरलेल्या पेजेत बाबांचा लग्नाकार्याचा सदरा बुडवून कडक करायचा. जेवायला रोज कण्यांचा भात, लाखोळीच्या डाळीचं पातळ वरण आणि जवसाची चटणी. तलावाचं पाणी उतरलं की वाळवलेले झिंगे असायचे, तळ्यातली बारीक कोळंबी, त्यावर माय सांभार म्हणजे कोथिंबीर भुरभुरायची, आणि त्या दिवशी बाबा दुसऱ्यांदा भात मागून घ्यायचे. तो वास मला अजून येतो. इथे शहरात झिंग्यांचं पाकीट मिळतं, त्याला तो वास नाही.

तलावाखाली आमची थोडी जमीन होती. बांधीतलं धान घरात आलं की शेतात काम उरायचं नाही. मग माय आणि बाबा दोघंही तुमसरला राइस मिलवर जायचे. पहाटे मिलचा भोंगा आमच्या गावापर्यंत ऐकू यायचा, आणि तो वाजायच्या आत मायची भाकर बांधून झालेली असायची. बाबा गोदामात हमाल. माय खळ्यावर. त्या मिलमध्ये उसना, म्हणजे उकडा, तांदूळ निघायचा. त्यासाठी धान मोठ्या हौदात गरम पाण्यात भिजवतात, वाफवतात, आणि मग सिमेंटच्या खळ्यावर उन्हात पसरतात. पसरलेल्या धानातून बाया अनवाणी चालायच्या, पाय न उचलता, ओढत ओढत, म्हणजे खालचं धान वर येतं आणि सगळं सारखं वाळतं. या टोकाकडून त्या टोकाला, परत या टोकाला. सुटीच्या दिवशी मी मायबरोबर जायची आणि भिंतीच्या सावलीत बसून ते पाहायची. मायची चाल गावात असताना वेगळी होती आणि खळ्यावर वेगळी. खळ्यावर ती पाण्यातून चालल्यासारखी चालायची. घरी आली की तिच्या पायांना उकडलेल्या धानाचा आंबूस वास असायचा, आणि मी तिच्या पायांशी झोपायची.

एका सकाळी हौदावरची बाई आली नाही, म्हणून मुकादमानं मायला वर चढवलं. गरम पाण्याचा पाइप कित्येक दिवसांपासून दोरीनं बांधलेला होता. तो निसटला. डाव्या खांद्यापासून बोटांपर्यंत मायचा हात उकळत्या पाण्याखाली गेला. मला शाळेतून उचलून थेट भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. मायच्या चपला मी हातात धरून उभी होते, त्या कुणी माझ्या हातात दिल्या ते आठवत नाही. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? बाबांच्या मागे मिलचे मुनीमजी उभे होते. बाबांनी एकदा मागे पाहिलं आणि म्हणाले, “घरीच, जी. चुलीवरचं आधण सांडलं अंगावर.” मुनीमजींनी मान हलवली. खाटेवर माय डोळे उघडे ठेवून पडली होती. तिनं ऐकलं. ती ऐकते आहे हे मी पाहिलं. ती काही बोलली नाही, बाबा काही बोलले नाहीत, आणि मी सातवीतली पोर, मीही बोलले नाही.

त्यानंतर जे झालं त्याचा मला हात भाजण्यापेक्षा जास्त राग आहे. मायच्या दोन बोटांची कातडी एकमेकांना चिकटली, कोपर पुरतं उघडेना. खळ्यावरचं काम गेलं. बाबांचं राहिलं, कारण बाबा गप्प राहिले. आणि गावात, सगळ्या गावात, हे ठरून गेलं की सुखदेवची बायको भागरथा चुलीवर भाजली. विहिरीवर बाया तिला शिकवायच्या. “गंज उतरवताना फडकं घेत जाय वं.” “घाई करू नोको, बाई, सैपाकाले.” ज्या बाईनं लग्न होऊन आल्यापासून एक भांडं कधी पाडलं नव्हतं, तिला आधण कसं उतरवायचं ते सांगायच्या! माय ऐकून घ्यायची, डाव्या खांद्यावरून पदर ओढायची, हात त्याखाली न्यायची आणि उजव्या हातानं घागर उचलायची. तो हात घरातही कुणी पाहिला नव्हता. ती अंघोळही आम्ही बाहेर गेल्यावर करायची. बपेऱ्याहून मामा आला तेव्हा त्यानं विचारलं, “भागरथे, खरं सांग, कसं झालं?” तिनं बाबांकडे पाहिलं आणि त्याला आणखी भात वाढला.

मी नववीत गेले त्या वर्षी तुमसरच्या आमच्या शाळेत लांजेवार सर आले. ड्रॉइंगचे. नागपुरात शिकलेले, तरुण, खांद्याला झोळी, बोटांना नेहमी रंग. त्याआधी ड्रॉइंग म्हणजे आंबा, तांब्या आणि पंधरा ऑगस्टचा झेंडा. सरांनी फळ्यावर ‘टाकाऊतून टिकाऊ’ लिहिलं, आम्हाला शाळेमागच्या आवारात नेलं, बोरीच्या झाडाखाली बसवलं आणि म्हणाले, “चित्र राहू द्या. या वर्षी आपण मूर्ती करायच्या. पण माती विकत आणायची नाही, प्लास्टर नाही, रंग नाही. घरात जे आहे त्याचीच करायची. आणि देव करायचा नाही. रोज जो माणूस बघता, त्याची करा.” हे त्यांचे शब्द आहेत. देव करायचा नाही. पुढे काय झालं ते सांगण्याआधी हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

पोरांनी पोलीस केला, कुणी टोपीवाला पुढारी केला, एकीनं नारळाच्या करवंट्यांची म्हातारी आणली. मी कोठ्यात बसले. मोडक्या बाजेचे दोन पाय आणि बांबूच्या कमच्या बांधून सांगाडा उभा केला, त्यावर तणीस गुंडाळून सुतळीनं आवळलं, वर पोत्याचं कापड शिवलं. माती, शेण आणि कोंडा मळून त्याचं अंग लिंपलं, घराची भिंत लिंपतात तसं. सुतळी उसवून, चुलीच्या काजळीत काळी करून तिचे केस केले. पायांवर मी फार वेळ घालवला. ओल्या मातीत धान दाबून दाबून भरलं, घोट्यापर्यंत, आणि एक पाय पुढे ओढलेला ठेवला. हे सगळं शाळा सुटल्यावर आणि म्हशीला पाणी दाखवायच्या मधल्या वेळात. उभी राहिली तेव्हा ती माझ्या छातीएवढी होती. उजवा हात झाला. डावा हात कसा करायचा ते मला कळेना. माती नुसती ओबडधोबड केली की ती ओबडधोबड मातीच दिसायची. मग एकदा पेजेत बुडवलेलं लुगड्याचं फडकं दोरीवर चोळामोळा होऊन वाळलेलं दिसलं. कडक, सुरकुतलेलं, कुठे ताणून चकचकीत झालेलं. मी ते हातात घेतलं आणि कोठ्यात नेलं. तसंच दुसरं फडकं दाट पेजेत भिजवलं, मातीच्या हातावर चढवलं, बोटांनी दाबून चुण्या पाडल्या, दोन बोटं एकत्र गुंडाळली आणि उन्हाला ठेवलं.

माय चारा काढायला कोठ्यात आली आणि दारातच थांबली. मला वाटलं, आता मारते. ती जवळ आली. मूर्तीभोवती एक चक्कर मारली. पाय पाहिले, वाकून धानाला बोट लावलं.

“मी आहो का वं हे?” तिनं विचारलं.

“हो.”

“हात कोनं सांगतला तुले असा?”

“कोनी नाई. मी भंडाऱ्याले पाह्यला होता. पट्टी बदलतानी.”

मग तिनं खांद्यावरचा पदर बाजूला केला, कोपरानं अडकलेला तिचा हात मूर्तीच्या हाताशेजारी धरला आणि म्हणाली, “कोपरावर आणखी आहे. इथं पाह्य. इथून ताणली आहे कातडी. अन्‌ आंगठा असा नाई, असा.” मी पाहिलं. पहिल्यांदा नीट पाहिलं. ती हलली नाही. मी पेजेचं फडकं आणलं आणि ती समोर हात धरून बसली, मी करत गेले. म्हैस दाव्याला हिसके देत होती, तिला त्या दिवशी उशिरा पाणी मिळालं.

बाबा कामावरून आले, अंगाला पोत्यांची धूळ, आणि त्यांनी मूर्ती पाहिली. त्यांचा चेहरा उतरला. “हे शाळेत नोको नेऊ, पोरी,” ते म्हणाले. “शाळेच्या कमेटीत मिलचे सेठ आहेत. त्यायच्या नजरेत पडलं तं?”

“पडू द्या ना,” माय चुलीजवळून म्हणाली. “चुलीवर भाजली न मी? मंग सेठले कायचं भेव?”

बाबा जेवले नाहीत. मायनं त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि सकाळी आम्ही दोघींनी मूर्ती चादरीत गुंडाळून शाळेत नेली.

लांजेवार सरांनी चादर काढली. मग त्यांनी त्या हातावरून आपली बोटं फिरवली. “हे कशानं केलंस?” मी सांगितलं, पेज. “आणि ही कोण?” मी सांगितलं, माझी माय. “हाताला काय झालं?” सगळा वर्ग ऐकत होता. मी म्हटलं, “मिलच्या हौदावर भाजली.” तोपर्यंत ते वाक्य मी मोठ्यानं कधी उच्चारलं नव्हतं. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “कुसुम,” ते म्हणाले, “हे काम मी नागपूरला दाखवणार आहे.” त्या क्षणी मला वाटलं, जगात एक माणूस भेटला. म्हणूनच मला त्यांचा सगळ्यात जास्त राग आहे. सेठकडून माझी अपेक्षाच नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या मोठ्या खोलीत सतरंज्या घातल्या होत्या. वरचे पंखे सेठनं दिलेले होते, पात्यांवर त्यांचं नाव होतं, आणि उद्घाटनालाही तेच येणार होते. खुर्च्या मिलमधून आणल्या होत्या आणि त्या उचलायला मिलचे हमाल, त्यात बाबाही. मी माझी मूर्ती शोधायला लागले. पोलीस दिसला, करवंट्यांची म्हातारी दिसली, माझी माय कुठे दिसेना. मग मधोमध, हार घातलेल्या टेबलावर, एक देवी दिसली. अंगावर गॅदरिंगच्या पेटीतला हिरवा शालू, जरीचे काठ थेट टेबलापर्यंत सोडलेले, म्हणजे पाय दिसायलाच नकोत. डोक्यावर सोनेरी कागद चिकटवलेला पत्र्याचा मुकुट. उजव्या हाताला तारेनं बांधलेली पळी. डाव्या हातावर पदराच्या घड्या अशा पिनांनी टाचलेल्या की आत हात आहे की नाही हेही कळू नये. खाली पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘अन्नपूर्णा’. त्याखाली माझं नाव.

“सर, हे काय केलं?” मी लांजेवार सरांना गाठलं.

“अगं, हळू बोल.” त्यांनी मला खिडकीशी नेलं. “हेडमास्तर म्हणत होते, मूर्ती ठेवूच नका. मी भांडलो. म्हटलं, एवढं काम वाया जाऊ देणार नाही. शेवटी असं ठरलं.”

“पण हात झाकला, सर.”

“आतमध्ये आहे ना हात? तुझं काम आत जसंच्या तसं आहे. एक दिवसाचा प्रश्न आहे, कुसुम.”

त्यांना वाटत होतं, आपण शौर्य गाजवलं. इतकी वर्षं झाली, मी पुष्कळ भित्री माणसं पाहिली, भिणाऱ्यावर मला राग येत नाही. पण भिऊन केलेल्या गोष्टीचे आभार मागणारा माणूस मला आजही समोर नको वाटतो.

सेठ आले. बुटका, गोरापान, हसरा माणूस. सगळ्यांना हात जोडत आला. टेबलांवरून फिरत फिरत तो मूर्तीसमोर थांबला, चपला काढल्या आणि तिला नमस्कार केला. माझ्या मायला, जिला दवाखान्यात पाहायलासुद्धा तो आला नव्हता, तिला त्यानं वाकून नमस्कार केला, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. “वा वा, साक्षात देवी आहे!” तो माइकवर म्हणाला. “किसने बनाई? ही मूर्ती तर आमच्या मिलमध्ये पाहिजे. दरवाज्यासमोरच बसवू. रोज दिवा लावू.” पुन्हा टाळ्या. हेडमास्तरांनी माझं नाव पुकारलं आणि बक्षिसाचा स्टीलचा डबा पुढे केला. मी पुढे गेले, पण माझे हात वर होईनात.

“थे मिलमंधी नाई जात, जी,” मागून आवाज आला.

माय उभी राहिली होती. बायांच्या मागच्या ओळीत बसली होती, ती कधी आली मला माहीतही नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, “बाई, खाली बसा.” ती बसली नाही. ती सतरंजीवरून वाट काढत पुढे आली.

“कोन आहे ही?” सेठनं विचारलं.

“भागरथा. तुमच्या खळ्यावर होती. हे देवी नोहे, सेठजी. हे मी आहो.” आणि मग माझ्याकडे पाहून, घरात सांगते तसं, “कुसमे, सोड थे लुगडं तिच्या अंगावरचं.”

मी शालू ओढला. पिना तटातट निघाल्या, पळी लोंबकळली, मुकुट फरशीवर पडून खणखणला. आतून माझी माय निघाली. मातीची, काळ्या सुतळीच्या केसांची, धान रुतलेल्या पायांची, आणि त्या हाताची. माझ्या मायनं तिच्याजवळ उभं राहून आपला पदर खांद्यावरून काढला. दोन्ही हात शेजारी शेजारी. पुढच्या ओळीतल्या बायका तोंडाला पदर लावून पाहत राहिल्या. सेठलाही आधी कळलं नाही. त्याला ती आठवतच नव्हती! मुनीमजींनी कानात सांगितलं तेव्हा तो पुन्हा हसला.

“अरे हां. ये तो घर पे जली थी ना, बिचारी. तेव्हापासून डोक्यावर परिणाम झाला असेल.” आणि त्यानं खोलीभर नजर फिरवली. “सुखदेव आहे ना इथं? ए सुखदेव! सांग बाबा सगळ्यांना. तुझी बायको कुठे भाजली?”

बाबा दाराजवळ होते. दोन्ही हातांत घडी घातलेल्या खुर्च्या. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. मायनं मात्र वळून पाहिलं नाही, ती सेठकडेच पाहत राहिली. मी बाबांकडे पाहत होते. मला माहीत होतं ते काय सांगणार, आणि माझ्या मुठी आवळल्या होत्या.

“मले काय माहीत, जी,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. “मी तं गोदामात पोते उतरवून राहिलो होतो. हिची बोंब आयकू आली, म्हून हौदाकडे धावलो.”

ते काय बोलून गेले हे खोलीला आधी कळलं, मग सेठला, आणि सगळ्यात शेवटी बाबांना. त्यांनी खुर्च्या खाली ठेवल्या. मागे बसलेली मिलमधली एक बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “हौदाकडेच ना वं. मी पानी टाकलं होतं तिच्यावर.” दुसरी म्हणाली, “हो.” त्याआधी या दोघी कुठे होत्या, हेही मी विसरलेले नाही.

आणि मग हेडमास्तरांनी काय करावं? त्यांनी गाणाऱ्या मुलींना हात केला आणि राष्ट्रगीत सुरू केलं. कार्यक्रम अर्धाही झाला नव्हता. पण राष्ट्रगीत सुरू झालं की हलायचं नसतं, बोलायचं तर नाहीच. सेठ ताठ उभा राहिला. मुनीमजी ताठ. लांजेवार सर ताठ, खाली बघत. माझी माय हात उघडा टाकून ताठ उभी, आणि दाराशी बाबा, आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलून बसलेले, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून उभे. मला ओरडायचं होतं. छाती फुटेल असं ओरडायचं होतं, आणि मी तेही करू शकले नाही. एवढी शिस्त त्या शाळेनं मला लावली होती. जयजयकार झाला तसा सेठ ऑफिसात गेला, तिथे त्याच्यासाठी चहा आणि आलुबोंडे मांडले होते.

मायनं चुंबळ केली, मी मूर्ती तिच्या डोक्यावर चढवली, आणि आम्ही बाजाराच्या रस्त्यानं निघालो. धान्याच्या दुकानांतून माणसं बाहेर येऊन पाहत होती. तिनं वाट वाकडी केली नाही. बाबा आमच्याबरोबर आले नाहीत. सगळ्या खुर्च्या मिलवर पोचवून, मोजून रचून ते घरी आले. दुसऱ्या दिवशी पहाटे भोंगा वाजला तसे ते नेहमीसारखे निघाले, आणि चौकीदारानं त्यांना फाटकातून आत घेतलं नाही. तुमसरच्या दुसऱ्या कुठल्या मिलनंही घेतलं नाही. पुढे ते पवनीकडे लोकांच्या शेतात कामाला जायला लागले, पंधरवड्यानं घरी यायचे. सेठचं काही झालं नाही. कुणाला काही विचारलं गेलं नाही. पाइप बदलला म्हणतात, एवढंच. लोकांना अशा गोष्टीच्या शेवटी न्याय लागतो. मला कुणी विचारलं की मी सांगते, नाही झाला.

होळीच्या आसपास लांजेवार सर आमच्या घरी आले. ओसरीवर मूर्ती उभी होती, तिच्याकडे न पाहता ते बाजेवर टेकले. झोळीतून त्यांनी स्टीलचा डबा काढला. “कुसुमचं बक्षीस राहिलं होतं,” ते म्हणाले.

मायनं डबा हातात घेतला, झाकणावर कोरलेली अक्षरं बोटानं चाचपली. तिला वाचता येत नव्हतं. “काय लिव्हलं आहे, गुरुजी?”

सरांनी झोळीचा बंद खांद्यावर ओढला. मग म्हणाले, “मूर्तीचं नाव आहे. अन्नपूर्णा.”

“मंग तिच्याच घरी नेऊन द्या,” माय म्हणाली आणि डबा त्यांच्या मांडीवर ठेवून आत गेली. तिनं त्यांना पाणी विचारलं नाही. आमच्या ओसरीवरून पाणी न पिता गेलेला तो एकच माणूस. त्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. मूर्तीला पुढच्या वर्षी खालून उधई, म्हणजे वाळवी, लागली आणि ती गेली.

बाबांना मी खूप उशिरा विचारलं. माझं लग्न झालं होतं, मी स्वतः एका शाळेत ड्रॉइंग शिकवत होते, माय जाऊन काही वर्षं झाली होती. बाबा माझ्याकडेच असायचे, छातीचा भाता झालेला, पोत्यांची धूळ आयुष्यभर आत गेलेली. एका दुपारी त्यांना औषध देताना मी विचारून टाकलं. “बाबा, त्या दिवशी शाळेत तुमी हौदाचं नाव मुद्दाम घेतलं, का चुकून निघालं तोंडातून?”

हा प्रश्न मी जवळजवळ अर्धं आयुष्य बाळगला होता. मुद्दाम म्हणाले असते तर मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं असतं. चुकून म्हणाले असते तरी निदान मला कळलं असतं की मी कुणाची लेक आहे.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी, गोदामाच्या दारात मालकाला विचारावं तसं, अगदी अदबीनं विचारलं, “तुले कोन्तं पायजे, माय?”

मी औषधाची बाटली खाली ठेवली. समोरच्याला हवं तेच उत्तर द्यायचं, हे त्या लोकांनी त्यांच्यात इतकं खोल भरलं होतं की स्वतःच्या पोरीसमोरही त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. त्यांना खरं काय ते आता माहीतच नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले, दार लावून घेतलं, आणि भिंतीवर हात आपटत राहिले, हाताला मुंग्या येईपर्यंत. बाहेरून बाबा हाका मारत होते, “रागावली का वं? काय झालं? काय सांगू म्हंतं, सांग ना.”